अध्यक्षांनी स्वतः हजर राहावे

वत्सला,

तू गेलीस त्याच्या पाचव्या दिवशी पालिकेचं पत्र आलं, तुझ्याच नावाने. खाडीवरचं माहिती केंद्र चालवण्याचा आपल्या बचत गटाचा तीन वर्षांचा करार या महिनाअखेर संपतो. पुढची तीन वर्षं हवी असतील तर गटाच्या अध्यक्षांनी मूळ ओळखपत्र घेऊन स्वतः हजर राहावे आणि अर्जावर सही करावी. तसं झालं नाही तर नव्याने प्रस्ताव मागवण्यात येतील. म्हणजे केंद्र हातचं जाणार.

मी ते दोनदा वाचलं आणि मग तुझ्या सुनेकडे, प्रणालीकडे नेलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने पालिकेचं पत्र एकटीने वाचलेलं तुला चालायचं नाही. "तू मधलीच ओळ गिळतेस," म्हणायचीस. प्रणालीने वाचलं आणि ती रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला तुझा राग आला. जन्मभर एका कागदाला उशीर केला नाहीस, आणि हजर राहा म्हणून बोलावणं आलं तेव्हा तू नाहीस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. तिथे जो उठत होता तो सांगत होता की ताई फार शांत होत्या, कधी कुणाला टाकून बोलल्या नाहीत. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होते आणि हे नक्की कुठल्या बाईबद्दल चाललंय ते मला कळेना. माझ्याशी तू पंधरा वर्षं भांडलीस. तुझ्या दारात माझ्या चपला वाकड्या निघाल्या तरी तुझा पट्टा सुरू व्हायचा. म्हणून मी तिथे गप्प बसले. जे सांगायचं ते तुलाच सांगायचं आहे.

केंद्र आपल्याकडे आलं ते माझ्या संडासामुळे. हे कुणी भाषणात सांगणार नाही, म्हणून मी सांगते. पालिकेने खाडीकाठी दोन खोल्या बांधल्या, तिवरांच्या मधून पाण्यापर्यंत लाकडी वाट नेली, भिंतींवर पक्ष्यांचे आणि मासळीचे फोटो लावले आणि मग दाराला कुलूप लावलं. हे चालवायचं कोणी, ते बांधताना ठरलेलंच नव्हतं. एका कारकुनावर त्याच्या नेहमीच्या कामाशिवाय हे जास्तीचं टाकलं होतं. तो बिचारा आठवड्यातून एकदा किल्ली घेऊन यायचा, तेही ऑफिस असेल त्या दिवशी. आणि बघायला लोक यायचे शनिवार-रविवारी, बोरिवलीहून, दहिसरहून, कुठून कुठून, गळ्यात दुर्बिणी लटकवून. काचेला नाक लावून आत बघायचे आणि तिथून माझ्या दारात यायचे, कारण कोळीवाड्यातलं पहिलं घर माझं. "मावशी, इथे बाथरूम आहे का?" मी म्हणायचे, जा आत. मग विचारायचे, पक्षी कधी दिसतील? मी सांगायचे, आत्ता भरती आहे, पाणी उतरू दे, चिखल उघडा पडला की ते येतात खायला. दोन तासांनी या.

तू एका रविवारी माझ्या पायरीवर बसून हे सगळं बघत होतीस. चौथं कुटुंब आत जाऊन बाहेर आलं तेव्हा म्हणालीस, "चांगुणा, पालिकेचं केंद्र तू घरातून चालवतेयस. निदान रीतसर तरी चालव."

"रीतसर म्हणजे काय गो?"

"म्हणजे अर्ज."

तू नाल्यापलीकडच्या चाळीतली, माहेर जालन्याकडचं, पालिकेत आवक-जावकच्या टेबलावर नोकरी काढून निवृत्त झालेली. खाडी तुला लांबूनच बरी वाटायची, आणि मासळीतलं तुला फक्त तळलेलं कळायचं. पण कागद कुठून निघतो, कुठल्या टेबलावर झोपतो आणि कसा उठवायचा, हे तुला माहीत होतं. शिक्का आणि नंबर पडेपर्यंत कागद जन्मालाच आलेला नसतो, असं तू म्हणायचीस. गटात आम्ही अकरा जणी, दहा कोळीवाड्यातल्या आणि अकरावी तू. तुला अध्यक्ष केलं त्यात मोठेपणा काही नव्हता. वॉर्ड ऑफिसात खुर्चीवर बसताना तुझ्या एकटीचा घसा कोरडा पडत नव्हता, म्हणून केलं.

अर्जाच्या वेळी त्या तिथल्या मॅडमनी विचारलं, "पर्यटकांशी संबंधित कामाचा काही अनुभव?" तू मला कोपराने ढोसलंस. मी म्हटलं, "दीड वर्ष संडास वापरायला दिलाय, मॅडम." तू डोळे मिटून घेतलेस. मॅडम हसल्या. बाहेर आल्यावर मला वाटलं आता माझं काही खरं नाही. तू म्हणालीस, "अनुभवाच्या रकान्यात मी लिहून आलेय, पर्यटकांना प्राथमिक सुविधा पुरवणे." मी म्हटलं, "म्हणजे संडासच ना?" म्हणालीस, "हो. पण आता तो फाईलमध्ये जाईल."

मिळालं केंद्र. करार असा होता की इमारत, वीज, दुरुस्ती पालिकेची. उघडणं, झाडणं, येणाऱ्यांना माहिती सांगणं, वहीत त्यांची नावं घेणं, हे गटाचं. सोमवारी बंद. करारात आठ बायकांची नावं, त्या आठ जणींना फोटोची ओळखपत्रं. बसायचं तर त्या आठ जणींनीच. बदली चालणार नाही. सहा महिन्यांनी तपासणी.

त्या बदलीवरून आपलं पहिलं भांडण झालं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणत होते, बदली चालणार नाही म्हणजे काय? बाजारात आमचा मासळी विकायला बसायचा ओटा असतो. त्या ओट्यावर सासू बसते, सासूचे गुडघे गेले की सून बसते, सून बाळंत झाली की नणंद बसते. ओटा घराचा असतो, बाईचा नसतो. माझ्या परवान्यावर आजही सासूचं नाव आहे. तिला जाऊन किती वर्षं झाली ते मलाच आठवत नाही. तपासायला येणारा माणूस तिच्या नावाने हाक मारतो आणि मी ओ देते. त्याला माहीत आहे, मलाही माहीत आहे. कुणाचं काही बिघडत नाही.

तुला हे ऐकवत नसे. "म्हणजे बाजारात मेलेल्या बायका मासळी विकतात?"

"विकतात. आणि जिवंत बायकांपेक्षा स्वस्त देतात."

"चांगुणा, हे पालिकेचं काम आहे. इथे ज्या बाईचं नाव, तीच बाई."

"बाजारही पालिकेचाच आहे की."

तू विषय बदललास. पण माझंही पूर्ण सांगून झालं नव्हतं, ते आता सांगते. आमच्यात घर पुरुषाच्या नावावर, होडी पुरुषाच्या नावावर, जाळं त्याचं, कोळीवाडा मढचा असो की मनोरीचा, सगळीकडे तेच. बाईकडून बाईकडे जाते अशी एकच गोष्ट आहे, तो ओटा. तो मी एका करारासाठी सोडणार नव्हते. हे मी तुला या शब्दांत कधी सांगितलं नाही, कारण तुझ्यासमोर मला नेहमी शब्द उशिरा सुचायचे आणि आवाज आधी चढायचा.

पहिलं वर्ष चांगलं गेलं, ते कबूल करायला हवं. भिंतीवरच्या एका फोटोखाली कोळंबीला जवळा लिहिलं होतं. ते बदलून घ्यायला तू तीन अर्ज केलेस, आणि तुला त्या दोघांतला फरक माहीतही नव्हता. शाळेची मुलं आली की तू रांग लावायचीस आणि मी त्यांना लाकडी वाटेवरून न्यायचे. निवटी मासळी असून चिखलावर उड्या मारत पळते, ती पाण्याबाहेरही जगते, हे सांगितलं की मुलं वाटेच्या कठड्यावर लोंबकळायची. एकदा मी आजारी होते तर तू एकटीने मुलं नेलीस आणि निवटीला बेडकाचं पिल्लू म्हणून सांगून आलीस. शाळेच्या बाईंनी वहीत छान अभिप्राय लिहिला होता. मी महिनाभर तुला त्यावरून सोडलं नाही. तू म्हणालीस, "मुलांना पळताना तर दिसली ना? नाव तू नंतर बदलून घे. अर्ज कर."

आणि आमच्या आठ जणींचं काय चाललं होतं, ते तुला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. लग्नसराई आली, होळी आली, बाजारात माल जास्त आला, की बायका घरातल्या दुसऱ्या बाईला केंद्रावर बसवायच्या. गळ्यात ओळखपत्र सासूचं आणि खुर्चीत सून. सगळ्या कामाला वाघ होत्या. पाहुण्यांना सगळं नीट सांगत होत्या, संडास झाडत होत्या, वही लिहीत होत्या. तू बघून न बघितल्यासारखं करायचीस. मग मला गाठायचीस, "तुझ्या बायकांना सांग." माझ्या बायका. चांगलं झालं की आपला गट, आणि काही वाकडं झालं की माझ्या बायका.

मग ती तपासणी आली. आपल्या पार्वतीची पाळी होती आणि तिची सून नूतन बसली होती. मॅडम आल्या, ओळखपत्र बघितलं. "तुमचं नाव पार्वती?" नूतन म्हणाली, "हो." मॅडम म्हणाल्या, "वय चौसष्ट?" नूतन सव्वीस वर्षांची, कडेवर मूल. त्यालाही ती म्हणाली, "हो." मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. "आणि हे?" नूतन म्हणाली, "नातू."

खोटं बोलायचा तिचा स्वभाव नाही. घरातल्या बाईचं नाव घेतलं की ओ द्यायची, एवढंच ती बाजारात शिकली होती, माझ्याच शेजारी बसून. मला हे कळलं तेव्हा मी हसून हसून लोळले. तू हसली नाहीस. चार दिवसांनी नोटीस आली, की करारात नाव नसलेली व्यक्ती दुसऱ्याच्या ओळखीवर काम करताना आढळली, करार रद्द का करू नये याचा खुलासा अध्यक्षांनी करावा. अध्यक्ष तू. तू तुझ्या नोकरीत एक मेमो घेतला नव्हतास. ते तू मला आधी सांगितलं होतंस, अभिमानाने. म्हातारपणी तो माझ्यामुळे आला.

त्या दिवशी केंद्रात आपण दोघीच होतो. तू म्हणालीस, "तुझ्या बाजारापायी हे जाणार. तुम्हाला एक गोष्ट नीट करता येत नाही."

मी म्हटलं, "तू पालिकेची बाई आहेस. तू आमची नाहीसच."

पदर नीट केलास, खुलाशाचा कागद घडी करून पिशवीत ठेवलास आणि निघून गेलीस. मी ते पालिकेवरूनच म्हटलं होतं, नोकरीवरूनच. पण कोळीवाड्यातली बाई नाल्यापलीकडच्या बाईला आमची नाहीस म्हणते तेव्हा त्यात आणखी काय ऐकू येतं, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. तुझ्या चाळीतल्या बायकांचं पाणी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी कुठे कुठे अडवलं होतं, ते मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी यायला हवं होतं. मी बाजारात गेले. तू एकटी ऑफिसात जाऊन खुलासा देऊन आलीस, सगळा दोष स्वतःवर घेऊन. नोटीस मागे घेतली त्यांनी. आठवड्याने तू केंद्रात आलीस आणि म्हणालीस, "वहीत रविवारची नावं कोणी लिहिली? अक्षर बघ." आपलं बोलणं परत सुरू झालं, आणि ते वाक्य तसंच मागे राहिलं. आता मी माफी मागत नाही. गेलेल्या माणसाची माफी मागायला काहीच लागत नाही. तू होतीस तेव्हा मागायची होती, आणि तेव्हा मी मागितली नाही. ते तसंच राहू दे.

त्यानंतर पाळ्यांचा तक्ता तू कडक केलास. बायका चिडल्या. दोघी-तिघींनी सोडलं. सणासुदीला केंद्र दुपारी बंद राहायला लागलं, म्हणजे लोक यायचे तेव्हाच कुलूप. मी म्हटलं, आता बरं वाटतंय का? तू नियम पाळलास आणि झालं काय, तर पूर्वीसारखंच झालं. तू वही पुढे ओढून नावं मोजायला लागलीस. मला वाटलं मी जिंकले.

तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी डबा घेऊन आले. तुला जेवण जात नव्हतं. उशीखालून कागद काढलास. मला वाटलं मृत्युपत्र असेल. तो नूतनीकरणाच्या अर्जाला जोडायचा मजकूर होता. "वाच," म्हणालीस, "आणि मधली ओळ गिळू नकोस." मी वाचलं. दोन वाक्यं होती. पहिलं असं, की नाव दिलेली सदस्य येऊ शकत नसेल तेव्हा तिच्या घरातली, आधी नोंद केलेली एक बाई तिच्या जागी काम करील, आणि तिलाही वेगळं ओळखपत्र द्यावं. मी दोनदा वाचलं. माझा बाजार तू पालिकेच्या भाषेत लिहिला होतास. मी म्हटलं, "हे आधी का नाही लिहिलंस?" म्हणालीस, "कसं लिहायचं ते सुचत नव्हतं."

दुसरं वाक्य होतं, की सदस्य मयत झाल्यास तिची जागा रिकामी समजावी आणि गटाच्या सभेत नव्याने निवड करावी.

"हे खोड," मी म्हटलं. "बाई मेली तर जागा तिच्या घराची."

"नाही खोडणार."

"का पण?"

तुला दम लागत होता, म्हणून तू हळू बोललीस. "सगळ्या जागा घरातच राहिल्या, तर घराबाहेरची बाई कधी बसणार, चांगुणा? तुझ्या नियमाने मी कधी आले असते?"

मी म्हटलं, "तुझी गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी?"

तेवढ्यात नर्स आली आणि मला बाहेर काढलं, कागद माझ्या हातातच राहिला. मी उद्या येते म्हटलं. उद्या मी आले नाही, बाजारात मासळी फार आली होती. परवा आले तर पलंगावर दुसरी बाई होती. वेगळी कशी, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. पण तू विचारून ठेवलंस आणि गेलीस, ही काय रीत झाली?

तर ते पत्र. मी आणि प्रणाली ऑफिसात गेलो. टेबलावर मोरे होता, तुझ्या हाताखाली आवक-जावक शिकलेला. त्याने आधी तुझी चौकशी करावी तशी तुझ्या जाण्याची चौकशी केली, चहा मागवला, मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "मावशी, अध्यक्ष मयत असं लिहून दिलंत तर नूतनीकरण होत नाही. नव्याने प्रस्ताव मागवावे लागतात. मोठ्या संस्था टपून बसल्यात. त्यापेक्षा अर्जावर ताई होत्या तेव्हाची तारीख टाका. ओळखपत्राची झेरॉक्स माझ्याकडे आहेच. सही कुणी केली ते मी बघणार नाही. ताईंनी मला हे टेबल शिकवलं, त्यांचं केंद्र माझ्या हातून जायला नको."

चांगल्या मनाने म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. प्रणाली म्हणाली, "आईंची सही मला येते, मावशी. पेन्शनच्या कागदांवर सराव झालाय, त्यांचा हात थरथरायचा तेव्हा." तिने पेन उघडलं. अर्ज समोर होता. अध्यक्षांची सही, त्याखाली रिकामी रेघ.

बघ, माझा नियम तो हाच. बाई गेली, सून बसली, नाव तेच राहिलं, कुणाचं काही बिघडलं नाही. एक सही आणि पुढची तीन वर्षं आपली. उरलेल्या बायकांचं काम राहणार. मी तर तीच बाई, जी रोज मेलेल्या सासूच्या नावाने ओ देते. आणि माझा हात पुढे गेला आणि मी अर्ज पालथा घातला.

"नको," मी म्हटलं. "ती मेलीय, मोरे."

तू गेल्यापासून मी हे तोंडाने बोलले नव्हते. तिथे, त्या टेबलावर बोलले. प्रणाली म्हणाली, "मावशी, तुम्हीच तर म्हणायचात, जागा घराची."

"ओटा घराचा," मी म्हटलं. "सही तिची होती."

हे मला तिथल्या तिथे कसं सुचलं, ते विचारू नकोस. मोरे म्हणाला, "विचार करा, नंतर परत येता येणार नाही." मी म्हटलं, "कागद दे." मी माझ्या अक्षरात लिहिलं, अध्यक्ष मयत आहेत. तुझं नाव लिहिलं. खाली माझं नाव लिहिलं, माझं स्वतःचं. मोरेने शिक्का मारला, नंबर टाकला. जिना उतरताना मला तुझा इतका राग आला की प्रणाली हात धरायला आली तर मी तिचा हात झटकला. मी चाळीस वर्षं बाजारात हुशारीने काढली आणि तुझ्या नादाने एका मिनिटात केंद्र घालवून आले.

एक तारखेपासून कुलूप आहे. मॅडमनी सांगितलं, गटालाही प्रस्ताव देता येईल, सगळ्यांसारखा. म्हणून सभा घेतली. प्रस्तावाला अध्यक्ष हवी. पार्वती म्हणाली, "आता आपल्यातलीच करू या. बाहेरचं नको." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना वाटलं मीही डोलावीन. माझंच वाक्य होतं ते, तोंड फक्त पार्वतीचं. मी म्हटलं, "बाहेरची नसती तर तुम्ही अजून काचेतून आत बघत बसला असता. नाल्यापलीकडच्या दोघींची नावं या वेळी घ्यायची. नाही तर प्रस्ताव तुमचा तुम्ही लिहा." तासभर आरडाओरडा झाला. पार्वती म्हणाली मला म्हातारचळ लागलाय. शेवटी एकीचं नाव घेतलं, दोघींचं नाही. तुझ्या चाळीतली ती शिवणकाम करणारी कांचन. दोन मिळाली असती तर तुला सांगताना बरं वाटलं असतं. एकच मिळालं. अध्यक्ष मला केलं, कारण ऑफिसात जायला दुसरी कुणी तयार नाही.

प्रस्ताव काल दिला. तीन संस्था आल्यात, आम्ही चौथ्या. एका संस्थेची फाईल रंगीत आहे, वर पक्षी छापलाय. आमची तू वापरायचीस ती, खाकी, दोरीची. मिळेल की नाही ते मला माहीत नाही, आणि मिळेलच असं खोटं सांगून तुला खूश करायचं मला जमत नाही.

बदलीचा तुझा मजकूर जोडला आहे. पहिलं वाक्य जसंच्या तसं. दुसऱ्यावर मी पेन ठेवलं होतं. खोडलं असतं तर कुणाला कळलं नसतं, तुझा कागद फक्त माझ्याकडे होता. नाही खोडलं. मला ते पटलेलं नाही, अजूनही नाही, यावर आपण भांडलो असतो. पण ते आहे तसं गेलं, खाली अध्यक्ष म्हणून माझी सही. म्हणजे मी मेल्यावर माझी सून त्या खुर्चीवर आपोआप बसणार नाही, हे मीच लिहून दिलं. तिला ते पार्वतीकडून कळलं. कालपासून ती माझ्याशी बोलत नाही, भाकरी ताटात टाकते आणि आत जाते. तिची समजूत घालायला तू हवी होतीस. मला नुसतं भांडता येतं.

चांगुणा